शनवारी घाणा बंद

(आपल्या प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनानिमित्त न्यूयॉर्क येथे जमलेल्या बेने इस्राएल बांधवांपुढे केलेले भाषण. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)



गावाकडच्या प्रार्थनामंदिराचा वर्धापनदिन आपण येथे, हजारो मैलांवर, भाड्याच्या हॉलमध्ये साजरा करीत आहोत. मला चार शब्द बोलण्यास सांगितले व बोललेले लिहून स्मरणिकेसाठी पाठवावे, असेही कळविले. मी काही विदुषी नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, काही वर्षे तेथे व नंतर पस्तीस वर्षे अमेरिकेत रुग्णसेवा केली. तोराचा अर्थ सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक येथे बसले आहेत. त्यामुळे मी जे पाहिले, जे चुकले आणि त्यातून जे शिकले, तेवढेच सांगणार आहे. विषय निवडला आहे शब्बाथच्या विसाव्याचा.

लहानपणी सुट्टीत आम्ही अलिबागजवळ आजीकडे जात असू. आजीच्या माहेरी पूर्वी तेलाचा घाणा होता. ती सांगायची की शुक्रवारी दिवस कलला की तिचे आजोबा बैलाच्या मानेवरचे जू काढीत, डोळ्यांवरची झापड सोडीत आणि त्याला पाणी दाखवून गोठ्यात बांधीत. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत घाण्याला हात लागत नसे. आम्ही विचारायचो, "आजी, बैलाला कळायचं का गं शनिवार आहे ते?" ती म्हणायची, "माणसाला कळायचं, म्हणून बैलाला विसावा मिळायचा."

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, ही आपली परंपरा. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विसरली गेली, पुष्कळसे सण व विधी पुसट झाले. पण मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शेमाची प्रार्थना आणि शब्बाथ ही मात्र राहिली. कोकणातल्या लोकांनी आपल्याला नावच दिले 'शनवार तेली'. दुसऱ्यांनी ठेवलेले हे नाव म्हणजे आपले खरे प्रशस्तिपत्र आहे, असे मला वाटते. हे लोक कोणती प्रार्थना म्हणतात, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते. यांचा घाणा शनिवारी थांबतो, एवढे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होते.

आणि हे स्वस्तात होत नव्हते, हेही ध्यानात घ्या. शनिवार हा मारुतीला तेल वाहण्याचा वार. म्हणजे ज्या दिवशी गावाला तेल हवे, नेमका त्याच दिवशी आपला तेली हात जोडून बसणार. गिऱ्हाइकाने शुक्रवारी तेल न्यावे, नाही तर दुसरीकडे जावे. हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातला एक दिवस असा सोडून देणे, हे आज पगारी रजा घेण्याइतके सोपे नव्हते. तरी त्यांनी तो सोडला, पिढ्यान्‌पिढ्या सोडला.

पुढे लोक मुंबईस आले. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आपली माणसे पलटणीत गेली, गोदीत, रेल्वेत, कचेऱ्यांत आणि इस्पितळांत लागली. शिक्षण वाढले, मान वाढला. पण एक गोष्ट हातातून निसटली. घाणा आपला होता, तो आपण थांबवू शकत होतो. कचेरीचे घड्याळ साहेबाचे होते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून त्यासाठी झगडा मांडला आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण होते. लाखो गरिबांवर लोखंड्यांचे हे उपकार आहेत. पण त्यातली आपली गंमत पाहा. सर्वांना विसावा मिळाला रविवारी आणि आपला शब्बाथ आला शनिवारी. माझे वडील एका कारखान्यात फिटर होते. शनिवारी त्यांना कामावर जावेच लागे. पहाटे उठून ते हातपाय धुऊन, डोक्यावर टोपी घालून, भिंतीकडे तोंड करून तफिला म्हणत आणि मग डबा घेऊन बाहेर पडत. जाताना दाराच्या मेझुझाला हात लावून बोटे ओठांना लावीत आणि क्षणभर तसेच उभे राहत. त्या क्षणभरात ते काय म्हणत होते, हे मी कधी विचारले नाही. आता वाटते, माफी मागत असावेत.

आईने मात्र शुक्रवारची संध्याकाळ हातची जाऊ दिली नाही. दुपारी चूल आटोपलेली असे. नारळाच्या रसातले कालवण, भात आणि चपात्या झाकून ठेवलेल्या असत. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून किद्दुशचे शरबत तयार असे. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात कापसाची वात. तो दिवा लागला की चाळीतला गोंगाट तोच असे, पण आमच्या खोलीत काहीतरी वेगळे होई. आई खाली बसे. आठवड्यात आम्ही आईला काहीही न करता बसलेली फक्त त्याच वेळी पाहत असू.

मी 1987 साली अमेरिकेत आले. येथे पाहते तो काय, शनिवारची सुट्टी! असे सांगतात की 1908 साली न्यू इंग्लंडमधल्या एका सूतगिरणीने आपल्या ज्यू कामगारांना शब्बाथ पाळता यावा म्हणून शनिवार आणि रविवार असे दोन दिवस सुट्टी देण्यास सुरुवात केली. 1926 साली फोर्डच्या मोटार कारखान्याने पाच दिवसांचा आठवडा केला आणि 1938 च्या कायद्याने चाळीस तासांच्या आठवड्याची वाट मोकळी झाली. म्हणजे माझ्या वडिलांना जे आयुष्यभर मिळाले नाही, ते या देशात कायद्याने आणि रिवाजाने पुष्कळांच्या पदरात पडले.

मग त्या शनिवारचे आपण केले काय? मंडळी, खरे बोलू या. शनिवारी लॉन्ड्रोमॅट, शनिवारी किराणा, शनिवारी मुलांचा पोहण्याचा क्लास, गाडीचे ऑइल बदलणे, सेलला जाणे, फोनवर फोन. साहेबाने सुट्टी दिली आणि आपण स्वतःच स्वतःला घाण्याला जुंपले. डोळ्यांवरची झापडही आपणच बांधली.

माझी गोष्ट त्याहून वाईट. परिचारिकेला शनिवारची सुट्टी नसते, हे खरेच आहे. आपल्या धर्माने तर स्पष्ट सांगितले आहे की जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावाच. त्याला पिकुआह नेफेश म्हणतात आणि तालमूदमध्ये योमा या भागात त्याची चर्चा आहे. त्यामुळे शुक्रवारी रात्री ड्युटी करण्यात मला पाप वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. पण शुक्रवारी रात्रीच्या ड्युटीला पैसेही जास्त मिळत. घराचे कर्ज होते, गावाकडे पैसे पाठवायचे होते. माझ्या वाट्याला आलेल्या ड्युट्या मी करीतच होते, शिवाय दुसऱ्यांच्याही मागून घेत होते. कुणी विचारले तर म्हणायची, "रुग्णसेवा आहे, देव समजून घेईल." जीव वाचविण्यासाठी दिलेली मोकळीक मी हप्ता फेडण्यासाठी वापरीत होते.

1994 च्या हिवाळ्यातली गोष्ट. सलग सहावी रात्र, प्रत्येक रात्र बारा तासांची. शुक्रवार उलटून शनिवारची पहाट झाली होती. एका वृद्ध रुग्णाला इन्शुलिन द्यायचे होते. मी सिरिंज भरली. इन्शुलिन देण्यापूर्वी दुसऱ्या नर्सने ते तपासायचे असते, तसे मी माझ्या सहकारी मैत्रिणीपुढे धरले. तिने सिरिंज पाहिली, कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातातून ती काढून घेतली. मोठ्याने काही बोलली नाही. मी ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट औषध भरले होते.

रुग्णाला काही झाले नाही, कारण ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. मी स्वतः लिहून कळविले, वरिष्ठांनी ऐकून घेतले आणि मला घरी पाठविले. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. सहा रात्री मी स्वतः मागून घेतल्या होत्या. सेवेच्या नावाने जे करीत होते, त्यानेच एक माणूस मेला असता.

घरी आले तेव्हा सात-साडेसात वाजले होते. आदल्या संध्याकाळी मी नव्हते म्हणून आमच्या यजमानांनीच दिवा लावला होता. तो विझून गेलेला, पेल्यात तळाशी पाणी उरलेले. मी पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिज उघडला. आत एका छोट्या ग्लासात मनुकांचे शरबत होते, वर बशी झाकलेली. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती उठून मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते तुझं आहे, मम्मी. पप्पा म्हणाले संपवून टाक, पण मी ठेवलं. तुझा शब्बाथ अजून झाला नाही ना?"

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि रडले. पोरीला वाटले, तिचे काही चुकले. मी तिला जवळ घेतले, शरबत प्याले आणि दुपारपर्यंत झोपले. उठल्यावर घरातले कुणी काही बोलले नाही. मी पण काही केले नाही. नुसती बसून राहिले. आई बसायची तशी.

त्यानंतर मी जास्तीच्या रात्री मागणे बंद केले. माझ्या वाट्याचे शनिवार-रविवार केले, कारण कुणीतरी ते केलेच पाहिजेत. पण ज्या शुक्रवारी मोकळी असेन तो विकला नाही. घराचे कर्ज फिटायला अधिक वर्षे लागली. गाडी जुनीच राहिली. गावाकडे पाठवायच्या पैशांत मात्र कपात केली नाही, स्वतःच्या खर्चात केली. तोटा झाला का? झाला. आजीच्या आजोबांचाही शनिवारी होतच होता.

आता नर्स म्हणून एक गोष्ट सांगते. आपण समजतो, हृदय अखंड काम करते. तसे नाही. ते आकुंचन पावते, मग सैल पडते. मिनिटाला सुमारे बहात्तर ठोके पडत असतील, तर प्रत्येक ठोक्याला साधारण आठ दशांश सेकंद मिळतात. त्यातले सुमारे तीन दशांश कामाचे आणि पाच दशांश विसाव्याचे. गंमत पुढेच आहे. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते ते आकुंचन पावताना. पण स्वतः हृदयाच्या स्नायूला, विशेषतः त्याच्या डाव्या बाजूला, रक्त मिळते ते मुख्यतः सैल पडल्यावर. ठोके फार जलद झाले की कामाचा वेळ थोडा कमी होतो, विसाव्याचा मात्र खूपच कमी होतो. मग दुनियेला रक्त पुरविणारे हृदय स्वतः उपाशी राहते. ज्याने हृदय घडविले, त्यानेच शब्बाथ दिला, हे मला त्या मॉनिटरच्या हिरव्या रेघेकडे पाहताना कितीदा तरी पटले आहे.

आपण सारे एलियाहू हन्नाबीला मानणारे लोक. घरात शुभकार्य असो की नवस, मलिदा केल्याशिवाय आपले चालत नाही. कोकणात खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवितात, तेथे आपण जातो. त्याच एलियाहूची एक कथा राजांच्या पहिल्या ग्रंथात आहे. कर्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळविला. आकाशातून अग्नी उतरला. आणि त्यानंतर राणीच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि देवाजवळ मरण मागू लागला. एवढा मोठा नाबी! पुढे काय झाले ते नीट पाहा. देवाने त्याला उपदेश केला नाही. रागावलाही नाही. त्याला झोपू दिले. मग दूताने हलवून उठविले व भाकर आणि पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठविले, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती.

अति थकलेला रुग्ण वॉर्डात आला की चांगली नर्स तेच करते. आधी झोप, आधी अन्नपाणी. प्रश्न मागाहून. आणि एलियाहूला देवाची वाणी ऐकू आली तीही वादळात नव्हे, भूकंपात नव्हे, अग्नीत नव्हे, तर त्यानंतरच्या अगदी मंद, शांत स्वरात. मला वाटते, तो स्वर आधीही असेल. पण दमलेल्या, धावणाऱ्या माणसाला तो ऐकू येत नाही. म्हणून देवाने आधी त्याला झोपविले.

काही भगिनी म्हणतील, "बाई, तुम्ही निवृत्त झालात, तुम्हांला काय? आमची कामे संपतच नाहीत." तर ऐका. कामे माझीही संपली नाहीत. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः आमच्या क्वीन्समध्ये, कोविडने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. इस्पितळांबाहेर प्रेतांसाठी शीतगाड्या उभ्या होत्या. प्रार्थनामंदिरे बंद होती. मी तेव्हा साठीच्या घरात होते, तरी कामावर होते, आणि त्या दिवसांत एकही शुक्रवार मोकळा मिळाला नाही. तो खराखुरा पिकुआह नेफेश होता. संध्याकाळी सातला ड्युटी सुरू होई. शुक्रवारी मी अर्धा तास आधी जाऊन गाडीतच बसत असे. इंजिन बंद, रेडिओ बंद, फोन पर्समध्ये. शेमा म्हणायची आणि मग काहीच म्हणायची नाही. बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचे भोंगे चालूच असत. देवाला सांगायची, पंधरा मिनिटे मी तुझ्याजवळ बसते, मग तू माझ्याबरोबर आत ये. त्या पंधरा मिनिटांनी एकही रुग्ण बरा झाला नाही. पण मी आत जाताना माणूस म्हणून जात होते.

तेव्हा मला आईच्या बसण्याचा अर्थ कळला. तिचेही काम शुक्रवारी संपलेले नसायचे. फाटके कपडे शिवायचे असत, उसने पैसे फेडायचे असत. काम संपले म्हणून ती बसत नव्हती. दिवा लागला म्हणून बसत होती. कामे संपण्याची वाट पाहिली तर माणूस एकदाच बसतो, आणि तेव्हा त्याला दुसऱ्यांनी उचलावे लागते.

आणि निवृत्तीने विसावा आपोआप येतो, हाही भ्रम आहे. 2022 साली मी निवृत्त झाले आणि पहिले सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप पाहत होते. ड्युटी नसूनही दमत होते. बैल सुटला तरी गोल गोलच फिरतो, तशी माझी गत.

या न्यूयॉर्क शहरात अब्राहम जोशुआ हेशेल नावाचे एक थोर रब्बी व शिक्षक होऊन गेले. मूळचे वॉर्साचे. 1940 साली अमेरिकेत आले. त्यांची आई व बहिणी नाझींच्या काळात बळी पडल्या. ज्या घरात ते वाढले, ते जगच उरले नाही. त्यांनी 1951 साली शब्बाथवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यातला विचार माझ्या शब्दांत सांगायचा तर असा की, आपल्या धर्माने दगडविटांच्या आधी काळालाच मंदिर केले. इमारत शत्रू पाडू शकतो, पण सातवा दिवस त्याला पाडता येत नाही.

हे मला आज फार जवळचे वाटते. कोकणातली आपली कितीतरी गावे रिकामी झाली आहेत. 1948 नंतर बहुतेक लोक इस्राएलला गेले, काही इकडे आले. काही गावांत प्रार्थनामंदिर उभे आहे, हेखालवर पडदा आहे, पण मिनयानला दहा पुरुष मिळत नाहीत. ज्या प्रार्थनामंदिराचा वर्धापनदिन आपण साजरा करतो, ते सांभाळणाऱ्या तिथल्या मूठभर मंडळींना मी येथून हात जोडते. त्यांच्या दिव्याच्या तेलाला आपण हातभार लावलाच पाहिजे. पण ती इमारत आपल्याला विमानात घालून आणता आली नाही. शुक्रवारची संध्याकाळ मात्र आणता आली. तिला व्हिसा लागला नाही.

फक्त ती येथे जरा चकविते. मुंबईत सूर्य संध्याकाळी सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, वर्षभर फारसा फरक नाही. येथे जूनमध्ये साडेआठ वाजतात आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. आपण कामावरून निघेपर्यंत शब्बाथ येऊन बसलेला असतो. माझे म्हणणे एवढेच की तो दारात उभा असेल तर उशिरा का होईना, त्याला घरात घ्या.

कसे, ते चार साध्या गोष्टींत सांगते. गुरुवारी रात्रीच शुक्रवारचे कालवण करून ठेवा. मन्नाच्या वेळीसुद्धा देवाने शुक्रवारी दुप्पट दिले होते, म्हणजे तयारी आदल्या दिवसाचीच. दिवा लावा. इस्पितळात ऑक्सिजनमुळे ज्योत लावता येत नाही, तेथे मी वृद्ध ज्यू आजीबाईंना बॅटरीचे दिवे लावून दिले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांत तेच पाणी पाहिले आहे. दिवा लागल्यावर सगळ्यांचे फोन एका डब्यात घालून झाकण लावा. आणि मग लगेच जेवायला वाढू नका. दहा मिनिटे नुसते बसा. पहिले दोन-तीन आठवडे फार अवघड जाईल. मुले चुळबुळ करतील, यजमान घड्याळाकडे पाहतील, आपल्यालाच गॅस पुसायचा आठवेल. पुसू नका.

आणि एक विनंती, विशेषकरून आम्हां म्हाताऱ्यांना. शब्बाथची छडी करू नका. कुणी टॅक्सी चालवितो, कुणी दुकानात आहे, कुणी माझ्यासारखी वॉर्डात आहे. त्यांना टोचून बोलण्यापेक्षा त्यांच्यासाठी एक ग्लास शरबत झाकून ठेवा. दहा आज्ञांमध्ये शब्बाथ दोनदा येतो. एका ठिकाणी कारण दिले आहे की देवाने सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणी कारण दिले आहे की तुम्ही मिसरात गुलाम होता. गुलामाला सुट्टी नसते. जो थांबू शकतो तो मोकळा. म्हणून त्या आज्ञेत चाकर आहे, परका आहे आणि बैलही आहे. आपल्या घरी साफसफाईला येणाऱ्या बाईलाही तिचा विसावा मिळतो का, हे त्या दिवशी पाहावे.

आमची मुलगी आता स्वतः आई आहे. दूर राहते, नोकरी करते आणि तिची धावपळ माझ्यापेक्षा जास्त आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. शुक्रवारी रात्री ती नऊ वाजता घरी आली. नातवाने फ्रिज उघडला आणि झाकलेला ग्लास काढून तिच्या हातात दिला. त्याला हे कुणी शिकविले ते मी विचारले नाही. ती बूट न काढताच खुर्चीत बसली, दोन्ही हातांत ग्लास धरून, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

घाणा थांबला होता.

परमेश्वर आपल्या प्रार्थनामंदिराला, ते राखणाऱ्यांना आणि जगभर पसरलेल्या त्याच्या लेकरांना सुखरूप ठेवो व प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा तरी विसावा पाठवो. आमेन.

सर्वांना शब्बाथ शालोम.